केळीसारखं वाकलेलं पातं: खान्देशात राहून विमानांच्या नादी कसं लागायचं

भाचा पहिल्यांदा विमानात बसला तो जळगावहून. खिडकीची जागा मिळाली, समोरच पंखा. विमान सुटायच्या आधी त्याने मोबाइलवर फिरत्या पंख्याचा फोटो काढला आणि मला पाठवला. खाली एकच ओळ: "मामा, जळगावच्या विमानाला पात्यांऐवजी केळी बसवतात का?"

फोटोत खरंच तसं दिसत होतं. पाती विळ्यासारखी वाकलेली, एक-दोन तर पंख्यापासून तुटून हवेत तरंगणारी. मी तोवर बारा-तेरा वर्षं पक्ष्यांचे फोटो काढत होतो. हतनूरच्या पाणथळीत चिखलात बसून चक्रवाकांची वाट बघण्यात कितीतरी हिवाळे गेले. कॅमेऱ्यातलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा समज होता, आणि या पोराला द्यायला उत्तर नव्हतं.

उत्तर शोधलं तेव्हा कळलं की मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही. ओळीमागून ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचताना पातं एका जागी असतं, शेवटची वाचेपर्यंत पुढे सरकलेलं असतं. त्या सरकण्याची बेरीज म्हणजे ते केळं. एवढं समजल्यावर पुढचा प्रश्न आपोआपच आला: पंखा मिनिटाला किती फेरे मारतो? तिथून पुढे मी काही पक्ष्यांकडे पूर्वीइतका परतलो नाही.

हाती कॅमेरा किंवा बरा मोबाइल आहे, आकाशात आवाज आला की मान वर जाते, पण पुढे काय करायचं ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. मुंबईत विमानं मोप. आपल्याकडे कमी आहेत, पण खान्देशात काही गोष्टी अशा आहेत ज्या मुंबईकराला मिळत नाहीत. त्याही सांगतो.

पहिली पायरी: नवं काही विकत घेऊ नका

दुकानात जाऊन "विमानासाठी लेन्स दाखवा" म्हणालात की खिसा रिकामा झालाच म्हणून समजा. आहे त्या कॅमेऱ्याने सुरू करा. जुना डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स असेल तर पहिली दोन वर्षं काही अडत नाही. सेकंडहँड लेन्स घेणार असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. माझी पहिली मोठी लेन्स मी पावसाळ्यात घाईने घेतली, टॉर्च मारला नाही, आणि तिच्यातली बुरशी साफ करण्यात दीड हजार घातले.

विमानाच्या आधी घारीवर हात बसवा. घार फुकट असते, रोज असते, आणि मटणाच्या दुकानावर हमखास असते. पाय खांद्याइतके फाकवा, कोपर बरगडीला टेकवा आणि कमरेपासून वळा, नुसते हात फिरवू नका. घार चौकटीत धरून तिच्यासोबत सरकत राहायचं, बटण दाबायचं आणि दाबल्यावरही सरकणं थांबवायचं नाही. नवशिक्या इथेच चुकतो. बटण दाबलं की थबकतो, आणि फोटो पुसट येतो. यालाच पॅनिंग म्हणतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास केलं तर शंभरातले वीस-पंचवीस फोटो धारदार यायला लागतील. विमानासाठी तेवढं पुष्कळ झालं.

कॅमेऱ्यात शटर प्रायॉरिटी लावा (म्हणजे शटर किती वेळ उघडं राहील ते तुम्ही ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघतो), फोकस सतत बदलणारा ठेवा, फोटो सलग निघतील असं बघा. विमान पांढरं आणि मागे उजळ आकाश असलं की कॅमेरा घाबरून सगळं काळवंडून टाकतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण पायरी वाढवा. पहिल्या दिवसाला एवढं बस झालं.

दुसरी पायरी: जागा

खान्देशात विमान बघायची तीन मुख्य ठिकाणं आहेत: जळगाव, धुळ्याजवळचं गोंदूर आणि शिरपूरजवळचं तांडे.

जळगावचं विमानतळ शहराबाहेर कुसुंब्याकडे, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने. धावपट्टी जुनीच होती. नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती आणि आपल्या जिल्ह्याच्या लेक प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. नंतर बरीच वर्षं तिथे प्रवाशांपेक्षा टिटव्या जास्त होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून १९ आसनांचं छोटं विमान मुंबईला जाऊ लागलं, तेही पुढे थांबलं. आता एटीआर जातीची दोन पंख्यांची विमानं येतात. धावपट्टी १,७०० मीटरची असल्यामुळे मुंबई-दिल्लीवाली मोठी जेट विमानं इथे उतरत नाहीत. वेळापत्रक सारखं बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीचं बघूनच निघा. मी दोनदा उन्हात तासभर उभं राहून, विमान रद्द झाल्याचं पानटपरीवर ऐकून परत आलोय.

धुळ्याजवळच्या गोंदूरची गोष्ट निराळी. तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबचं वैमानिक प्रशिक्षण चालतं. १९२८ साली जुहूला सुरू झालेला हा तोच क्लब, जिथे जेआरडी टाटा विमान चालवायला शिकले आणि १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. त्या क्लबची विमानं आज आपल्या बाजरीच्या शेतांवरून घिरट्या घालतात, आणि धुळ्यातल्या निम्म्या लोकांना त्याचं काहीच वाटत नाही!

फोटोच्या शिक्षणासाठी गोंदूरसारखी शाळा नाही. मोठ्या विमानतळावर एक विमान गेलं की गेलं. इथे शिकाऊ वैमानिक 'सर्किट' मारतात: उडायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जायचं, पुन्हा दोन वळणं घेऊन उतरायचं, चाकं टेकली की न थांबता परत उडायचं. याला 'टच अँड गो' म्हणतात. तेच विमान, त्याच वाटेने, काही मिनिटांनी पुन्हा तुमच्यासमोर. पहिल्या फेरीत चुकलेलं तिसऱ्या फेरीत सुधारता येतं. शिरपूरजवळ तांड्याच्या धावपट्टीवरही असंच प्रशिक्षण चालतं, आणि जळगावलाही प्रशिक्षणाची विमानं दिसतात. मुंबईकराला मिळत नाही म्हणालो ते हेच.

उभं कुठे राहायचं हे सूर्यावर ठरवा. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ हे आकडे रंगवलेले असतात. होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकलं की हे आकडे मिळतात: ९० अंश म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो. म्हणून तुम्ही धावपट्टीच्या दक्षिणेला, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिलात तर विमानाची तुमच्याकडची बाजू उजळलेली मिळते. उत्तरेला उभे राहिलात तर सावलीतलं काळं विमान घेऊन घरी याल.

आणि वारा बघा. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि तोंडावरच उतरतं, कारण समोरच्या वाऱ्याने पंखांना फुकटचा वेग मिळतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, तेव्हा विमानं बहुधा पूर्वेकडून येऊन उतरतात आणि पश्चिमेकडे तोंड करून उडतात. वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी-पांढरी पिशवी दिसली नाही तरी शेतातल्या बुजगावण्याची बाही कुठे फडफडते ते बघा, तेवढं पुरतं.

गोंदूरकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा बांधावर उभा होतो. शेतमालक म्हातारबा जवळ आले, थोडा वेळ माझ्यासोबत वर बघत राहिले आणि म्हणाले, "काय देखी राह्यना रे भाऊ आभायमा?" विमानं, म्हटलं. त्यांनी हात झटकला. रोज कानाशी घोंघावणाऱ्या वस्तूसाठी कोणी पेट्रोल जाळून येतं हेच त्यांना पटेना. पण पुढच्या वेळी मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्यांच्याच शेतावरून जाणारं विमान दाखवलं, खाली त्यांची विहीर, मोटारीची खोली, सगळं. तेव्हापासून त्या बांधावर माझी जागा पक्की आहे. शेतात पाऊल टाकण्याआधी विचारा, पिकात शिरू नका, आणि काढलेला एक फोटो त्यांना द्या.

तिसरी पायरी, आणि ही चुकवायची नाही: नियम

विमान नियम १९३७ मधला १३ वा नियम सांगतो की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढता येत नाहीत. प्रवाशांना विमानात साधे फोटो काढायची मुभा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेली आहे, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती पुन्हा स्पष्टही केली. ती मुभा स्वतःपुरते फोटो काढण्याची आहे, कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबुड करण्याची नाही. सुरक्षा तपासणीच्या जागी कॅमेरा खिशातच राहू द्या. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, नाशिकजवळचं ओझर एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं. तिथे खिडकी बंद करा म्हणाले की बंद करायची, वाद घालायचा नाही.

जमिनीवरून काढताना सार्वजनिक रस्त्यावर किंवा परवानगी घेतलेल्या खासगी जागेत राहा. कुंपणाच्या भिंतीला चिकटू नका, भिंतीवर तर चढूच नका. लष्करी विमान दिसलं तर डोळे भरून बघा आणि सोडून द्या. ड्रोनचा विचारही नको. विमानतळाच्या आसपासचा पट्टा त्यांना बंद असतो, आणि परवानगीच्या जागा सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर रंगांनी दाखवलेल्या असतात.

मला एकदा हटकलं गेलं. चूक माझी होती. फलक वाचला नाही आणि कुंपणाच्या फार जवळ गेलो. गणवेशातल्या माणसाने ओळखपत्र बघितलं, फोटो बघितले, अर्धा तास बसवून ठेवलं. मी आवाज चढवला नाही, सगळं दाखवलं, म्हणून चहा पिऊन सुटलो. तेव्हापासून आधार कार्ड आणि पक्ष्यांचे दोन-चार छापील फोटो बॅगेत ठेवतो. छंद म्हणजे काय ते समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं जातं.

चौथी पायरी: पंखा फिरताना दिसला पाहिजे

नवा माणूस काय करतो, तर विमान वेगात आहे म्हणून शटर १/१००० किंवा १/२००० सेकंदाला नेतो. फोटो धारदार येतो. पण पंखा थिजलेला, जणू विमान आकाशात दोऱ्याने टांगलंय. जेट असतं तर चाललं असतं, कारण त्याला बाहेर फिरणारं काही दिसत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक सगळीच पंख्यावाली.

इथे थोडी आकडेमोड करू, घाबरू नका. उड्डाणाच्या वेळी एटीआर ७२ चा पंखा मिनिटाला १,२०० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला २०. एका फेरीचे ३६० अंश. १/१००० सेकंदात पातं सात अंशच सरकतं, म्हणून ते थिजल्यासारखं दिसतं. १/१२५ ला ते ५८ अंशांच्या आसपास सरकतं. एटीआरला सहा पाती, म्हणजे दोन पात्यांमध्ये ६० अंश. एक पातं दुसऱ्याच्या जागेजवळ पोचतं आणि फोटोत जवळजवळ पूर्ण चकती उमटते.

आता गोंदूरवर दिसणाऱ्या सेसना १७२ सारख्या विमानाचं बघा. त्याला बहुधा दोनच पाती, मध्ये १८० अंशांचं अंतर. मिनिटाला २,४०० फेरे धरले तर १/१२५ ला पातं ११५ अंश सरकतं, चकती अर्धवट राहते. पूर्ण हवी तर १/८० पर्यंत खाली यावं लागतं. आणि १/८० ला हात स्थिर ठेवून विमानासोबत वळायचं म्हणजे घारीवर केलेली मेहनत इथे कामाला येते.

पहिल्या दिवशी १/५०० ने सुरू करा, काहीतरी हाती लागू द्या. मग १/३२०, १/२५०, १/१६० असं एकेक पाऊल खाली या. माझे १/८० चे शंभरातले नव्वद फोटो अजूनही कचऱ्यात जातात. उरलेल्या दहांसाठीच जायचं असतं.

ही आकडेमोड फोटोसाठी सुरू केली होती. पण एटीआरला सहा पाती आणि सेसनाला दोनच का? मोठा पंखा सावकाश का फिरतो? असं विचारत विचारत मी पात्याच्या टोकाच्या वेगापर्यंत पोचलो. टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की गोंगाट वाढतो आणि ताकद वाया जाते. मग व्यास वाढवायचा तर फेरे कमी करायचे, आणि ताकद हवेला द्यायला पाती वाढवायची. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेला मी, आणि रात्री अकराला बायकोला हे समजावत होतो. तिने दिवा मालवला.

ऊन

याला पायरीही म्हणत नाही. आपल्या नशिबातच आहे ते.

मे महिन्यात दहा वाजल्यानंतर धावपट्टीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. लांबच्या लेन्सने काढलेलं विमान मेणाचं वितळल्यासारखं येतं. लेन्स खराब आहे असं वाटून लोक दुरुस्तीला टाकतात. लेन्स ठीक असते, थरथर हवेची असते. महागडी लेन्स घेऊनही ती जात नाही. उपाय दोनच: सकाळी नऊच्या आत काढा, किंवा विमान जवळ येईपर्यंत थांबा. शिवाय मे अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस असतात ते. वर पंख असलेल्या विमानाचं पोट तेव्हा कोळशासारखं काळं येतं.

पण त्याच उन्हात उभं राहिलात तर एक गोष्ट डोळ्यांना दिसेल. जानेवारीत सेसना जिथून जमीन सोडते, मे महिन्यात त्याच्या बरीच पुढे जाऊन सोडते, आणि चढतेही कण्हत-कुंथत. तापलेली हवा विरळ असते. पंखांना, पंख्याला, इंजिनाला, तिघांनाही ती कमी पडते. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर. पण ४४ अंशांच्या दुपारी तिथल्या हवेची घनता वैमानिकांच्या प्रमाण कोष्टकात सुमारे साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी भरते, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीची. गारवा मात्र तिथला मिळत नाही. एकाच जागेवरून दोन ऋतूंत फोटो काढा, मागचं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा, आणि विमानाने जमीन कुठे सोडली ते ताडून बघा. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. तुमच्याकडे त्याचा पुरावाच असेल.

पाचवी पायरी: वही

कॅमेऱ्याच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू म्हणजे चाळीस रुपयांची वही. तारीख, वेळ, जागा, वारा कुठून, विमानाची जात, नोंदणी क्रमांक, आणि शेवटी एक रकाना: प्रश्न. घरी आल्यावर सगळ्यात चांगला फोटो मोठा करून बघायचा आणि त्यातून एक न कळलेली गोष्ट लिहायची. एकच. सगळा छंद या रकान्यावर चालतो. नुसते सुंदर फोटो जमवणारे माझ्या ओळखीतले तिघे-चौघे सहा महिन्यांत कंटाळले. प्रश्न लिहिणारा एकही अजून थांबलेला नाही.

नोंदणी क्रमांक शेपटीजवळ असतो. भारतीय विमानाचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो, पुढे तीन अक्षरं. गाडीच्या एमएच १९ किंवा एमएच १८ सारखंच समजा. त्या क्रमांकावरून विमान कधी बनलं, आधी कुठे होतं हे नेटवर शोधता येतं. जळगावला उतरलेलं एखादं विमान आधी दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच रंगात उडत होतं असं कळलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

जात ओळखायची तर आधी पंख वर आहेत की खाली ते बघा, मग इंजिनं किती, मग शेपटी. एटीआरचे पंख वर आणि शेपूट इंग्रजी टी अक्षरासारखं. उंचावरच्या जेटमध्ये बोइंग ७३७ चं इंजिन समोरून पूर्ण गोल नसतं, खालून चपटं असतं, कारण ते विमान जमिनीला फार जवळ आहे. एअरबस ए३२० चं तोंड गोलसर, आणि त्याच्या नव्या विमानांच्या पंखांची टोकं वर वळलेली. महिनाभरात आवाजावरूनही फरक कळू लागतो.

माझ्या वहीतला एक जुना प्रश्न: एटीआर उभं आहे, डावा पंखा थांबलेला, उजवाही थांबलेला, तरी इंजिनाचा आवाज कसा येतो? चार महिने उत्तर मिळालं नाही. मोठ्या विमानांच्या शेपटीत वीज आणि गार हवेसाठी वेगळं छोटं इंजिन असतं, एटीआरमध्ये ते नसतं. त्याऐवजी उजव्या पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन चालूच ठेवतात. पंखा स्तब्ध, इंजिन चालू. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. प्रवासी चढतात ते डाव्या बाजूच्या मागच्या दारातून, हेही तेव्हा ध्यानात आलं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, "म्हणजे न्यूट्रलला टाकलेला ट्रॅक्टर." अगदी तसंच नाही, पण चालेल.

वर बघा

विमानतळ लांब आहे अशांनी, म्हणजे तळोदा, साक्री, पारोळा, रावेरवाल्यांनी, हिरमुसू नये. नकाशावर पुणे ते दिल्ली सरळ रेघ ओढा, ती धुळ्याच्या माथ्यावरून जाते. हैदराबाद ते अहमदाबाद ओढा, तीही तिथूनच जवळून. विमानं काही पट्टीने आखलेल्या रेघेवर उडत नाहीत, पण धुळ्याला खाली जसे आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात, तसंच काहीसं वरही चालू असतं. फ्लाइटरडार२४ हे ॲप मोबाइलवर घ्या. वरून जाणारं विमान कुठून कुठे, किती उंचीवर, सगळं दिसतं. हिवाळ्यात संध्याकाळी मागे पांढरी रेघ सोडत जाणारं विमान दिसलं तर रेघ किती वेळ टिकते ते वहीत लिहा. लगेच विरली तर वरची हवा कोरडी, पसरत गेली तर दमट.

हेलिकॉप्टरसाठी निवडणुकीची वाट बघा. सभेला जमलेली गर्दी नेत्यासाठी असते की हेलिकॉप्टरसाठी, हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. धूळ फार उडते, लेन्स बदलू नका.

मग एकदा आत बसा

जळगावहून जिथलं तिकीट स्वस्त मिळेल तिथलं काढा. गाव महत्त्वाचं नाही. एटीआरमध्ये पंख डोक्यावर असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकीतून जमीन दिसते, हा त्याचा मोठा गुण. सूर्य ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध बाजूची जागा घ्या. लेन्स काचेजवळ न्या पण टेकवू नका, थरथर फोटोत उतरते. चमक कमी करायला लेन्सपुढे लावतात तो पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, नाहीतर विमानाच्या प्लास्टिकच्या खिडकीत इंद्रधनुष्यी डाग येतात. हा धडा मी सातपुड्याचे साठ फोटो वाया घालवून शिकलो.

वरून आपला मुलूख ओळखणं ही वेगळीच मजा आहे. तापी, गिरणा, केळीच्या बागांचे गडद हिरवे चौकोन. धुळे-नंदुरबारच्या बाजूने जाणं झालं तर जमिनीवर पूर्व-पश्चिम लांबच लांब काळ्या भिंती दिसतील, कोणी बांधल्यासारख्या. त्या लाव्हाच्या आहेत: दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर चढला, त्या भेगांत थिजलेला दगड. त्यांना डाइक म्हणतात. खालून एसटीने जाताना ती नुसती टेकडी वाटते.

आणि नाद पोटापाण्यापर्यंत गेला तर

घरातल्या पोराला किंवा पोरीला वैमानिक व्हायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी वैद्यकीय तपासणी, मग पैसे. ओळखीतल्या एका घराने शेत गहाण ठेवून एका संस्थेत फी भरली आणि नंतर मुलाला रंगांधळेपण निघालं. फी परत मिळवताना वर्ष गेलं. महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे वर्ग दोनची तपासणी आधी होते, वर्ग एकची पुढे. चष्मा असणं आड येत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, व्यावसायिक परवान्याला वय १८ पूर्ण आणि २०० तास उड्डाण. हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, नियम अशा लेखी परीक्षा असतात. संस्था मान्यताप्राप्त आहे का हे महासंचालनालयाच्या यादीत स्वतः बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

वैमानिकच व्हायला हवं असं कुठे आहे? विमान दुरुस्तीचे अभियंते लागतात, हवामानतज्ज्ञ लागतात. भौतिकशास्त्र-गणितात बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांना विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेतून हवाई वाहतूक नियंत्रक होता येतं. आपल्याकडची पोरं रेल्वेच्या परीक्षा घासून घासून देतात, ही परीक्षा मात्र कित्येकांना ठाऊकही नसते.

शेवटचं खूळ: चंद्रावरून जाणारं विमान

हे सगळं जमलं की हे करून बघा. चंद्र माथ्याजवळ असताना उंचावरचं विमान त्याच्यासमोरून जातं तो क्षण पकडायचा. ए३२० ची लांबी साडेसदतीस मीटर, ते अकरा किलोमीटर उंचीवर असेल तर चंद्राच्या व्यासाच्या दोन पंचमांश एवढं दिसतं. छान मोठं. पण पूर्ण चंद्र ओलांडायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. ॲपवर विमान येताना बघायचं, ट्रायपॉड, १/१००० शटर, आणि विमान चंद्राला टेकण्याच्या आधीच बटण दाबून धरायचं. डोळ्यांना दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो.

मी दोन वर्षं प्रयत्न करतोय. गच्चीवर पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री खुर्ची, थर्मास आणि भाचा असा सरंजाम असतो. चंद्राचे फोटो अफाट जमलेत. गेल्या कार्तिकात एका फोटोत उजव्या कडेला काळं काहीतरी आलं. मोठं करून बघितलं तर शेपूट आणि मागच्या पंखाचं टोक. भाचा म्हणाला बोइंग, मी म्हणतो एअरबस. वहीत प्रश्नाच्या रकान्यात दोघांची मतं लिहून ठेवली आहेत.